थंडी वाजणारं अस्वल

माझ्या मावशीच्या नवऱ्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. सकाळी डोळा उघडला की सुरू, ते थेट घोरायला लागेपर्यंत. मी त्यांना काका म्हणायचे. माझ्या आईवडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून शाळेची शेवटची वर्षं आणि पुढचं शिक्षण मी मावशीकडे राहूनच केलं. नोकरी लागल्यावर दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली, पण जेवायला मात्र तिकडेच. त्यामुळे हे जे सांगते आहे ते बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

काकांची बडबड हा स्वभाव होता तसाच कामाचा भागही होता. ते एका मोठ्या शीतगृहात नोकरीला होते. मासे, लोणी, मटार, आइस्क्रीमचे डबे, काय काय तिथे महिनोन् महिने गोठवून ठेवलेलं असायचं. हातभर जाडीचं दार, आत पांढरा उजेड, छताला टेकलेल्या खोक्यांच्या रांगा आणि डोक्यावर घोंघावणारे पंखे. आत नेहमी दोघांनी मिळून जायचं आणि एकमेकांच्या नजरेआड झालं तरी बोलत राहायचं, असा तिथला नियम होता. थंडीनं माणसाला आधी सुस्ती येते, मग जरा टेकावंसं वाटतं, आणि टेकला की कारभार आटोपला. एकाचं बोलणं थांबलं की दुसऱ्यानं धावत जायचं. काकांचा जोडीदार हा दाढीवाला म्हणून ओळखला जाणारा एक घुम्या माणूस होता. 'हां' आणि 'हूं' यापलीकडे त्याची मजल जात नसे. काका म्हणायचे, "आमची कामाची वाटणी ठरलेली आहे. मी बोलतो, तो जिवंत राहतो."

मावशी एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नाआधी काकांचे वडील त्या इस्पितळात भरती होते आणि काका शीतगृहाच्या कचेरीतून रोज संध्याकाळी फोन करून चौकशी करायचे. वॉर्डमधलं कुणी फोन उचलेपर्यंत वेळ जायचा. तेवढ्या वेळात काका या न पाहिलेल्या मुलीला काहीबाही सांगत बसायचे. वडील गेले तेही तिनंच सांगितलं. खरं तर ते तिचं काम नव्हतं, पण नर्स जागेवर नव्हती आणि तिला खोटं बोलवेना. पलीकडचा आवाज तेव्हा पहिल्यांदा थांबला. तिनं फोन ठेवला नाही. बाकीच्या तारा वाजत राहिल्या, वरिष्ठांनी हटकलं, तरी ती तशीच बसून राहिली. पुढे चौकशी करायला कुणी उरलं नव्हतं, तरी रोज संध्याकाळी फोन येतच राहिला. मावशी सांगायची, "प्रत्यक्ष भेटले तेव्हा मला हा माणूस परका वाटला गं. तोंड उघडल्यावर ओळख पटली."

त्यांना मूल झालं नाही. चाळिशी ओलांडल्यावर मावशीच्या डोळ्यांच्या पडद्यांना काहीतरी झालं. कडांकडून अंधार यायचा आणि हळूहळू मध्ये सरकायचा. नळीतून बघावं तसं तिला दिसायचं आणि ती नळी दरवर्षी अरुंद होत होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की यावर औषध नाही. त्यातच इस्पितळात ऑपरेटरच्या जागी यंत्र आलं आणि ती घरी बसली. तेव्हापासून काका तिचे डोळे झाले, म्हणजे तोंडानं. बाजारात तिचा हात धरून चालताना त्यांची टकळी अखंड चालू असे. "डाव्या हाताला खड्डा. समोरून तुझ्या ऑफिसातली ती नकटी येतेय, केस काळे केलेत, हसू नकोस. आता हास, गेली." मावशी हसायची. ज्या गोष्टी तिला दिसत नव्हत्या त्या काका जरा रंगवूनच सांगायचे. तिला ते माहीत होतं.

चित्रपटवाले आले ते वर्ष शीतगृहाला वाईट गेलं होतं. माल कमी यायचा आणि तीन नंबरची खोली रिकामी पडली होती. त्यांना बर्फाचा देश उभा करायचा होता आणि बोलताना नटांच्या तोंडातून खरी वाफ निघायला हवी होती, म्हणून त्यांनी ती खोली भाड्यानं घेतली. थर्माकोलचे डोंगर आले. जमिनीवर मीठ आणि कागदाचा चुरा पसरला. काकांना दारावर नेमलं. कुणी फार वेळ आत राहिलं की त्याला बाहेर काढायचं, एवढंच काम.

चित्रपट विनोदी होता आणि अद्भुतही. काका रोज त्याची गोष्ट जेवताना थोडी थोडी सांगायचे. एक माणूस सकाळी उठतो आणि आपण कोण तेच विसरलेला असतो. बायको, साहेब, बँकेतला कारकून, जो तो त्याला तो कोण ते सांगतो, आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं. शेवटी तो बर्फाच्या देशात जातो. कारण तिथल्या गोठलेल्या तळ्याखाली म्हणे प्रत्येकाचं खरं रूप ठेवलेलं असतं. त्या देशाच्या वेशीवर एक पांढरं अस्वल पहाऱ्याला असतं. त्या अस्वलालाच भयंकर थंडी वाजते. गळ्यात मफलरच मफलर, नाकाला धार, आणि वरून तोरा असा की या वेशीवरून मी म्हणेन तोच आत जाईल.

दिग्दर्शिका तिशीतली होती, बोलता बोलता हातमोजा चावायची. पहिल्याच दिवशी ती दारातून आत आली आणि कुडकुडत म्हणाली, "बाप रे, केवढी थंडी वाजतेय." काका म्हणाले, "बाई, इथे थंडी वाजत नाही. थंडी गप्पच असते. वाजतो तो माणूस." ती हसली आणि ते वाक्य तिनं अस्वलाला देऊन टाकलं.

अस्वलाच्या पोशाखात शिरायला त्यांनी सर्कशीतला एक कसरतपटू आणला होता. आतल्या थंडीनं तिसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला, छाती भरून आली आणि तो अंथरुणाला खिळला. पोशाख त्याच्या उंचीचा शिवलेला. दुसरा कुणी त्यात बसेना. शेवटी दिग्दर्शिकेनं काकांकडे पाहिलं. काका घरी येऊन म्हणाले, "मापालाही मी, थंडीलाही मी, आणि पोट तर आयतंच होतं. त्यांचा कापूस वाचला."

मी त्या माणसाला त्याआधी आणि त्यानंतर इतका सुखी कधी पाहिला नाही. शीतगृहानं पगारी सुटी दिली. संध्याकाळी घरी आले की काका कागद माझ्या हातात देत, मी वाक्यं वाचे, ते म्हणत आणि मावशी खुर्चीत बसून ऐके. ती फार कडक होती. "घाई करताय. समोरच्याला विचारलंत ना, मग उत्तर येईपर्यंत थांबा." काका थांबत. "इतकं नाही. ताटकळून माणूस निघून जाईल." एके ठिकाणी मात्र गाडी अडली. नायक वेशीवर येऊन म्हणतो, मला माझी भेट घ्यायची आहे. त्यावर अस्वलाला लिहून दिलेलं उत्तर नुसतं 'मग आत जा' असं होतं. काकांना त्यात काही मजा वाटेना. मावशी जरा विचार करून म्हणाली, "त्याला फोन जोडायला लावा. बर्फाचा एखादा सुळका कानाला लावू दे आणि म्हणू दे, धरून ठेवा, तुम्हाला तुमच्याशी जोडून देतो." मग ती थांबली आणि तिच्या त्या जुन्या, सपाट, नोकरीतल्या आवाजात म्हणाली, "रिंग जातेय. पण कुणी उचलत नाही."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दिग्दर्शिकेला करून दाखवलं आणि ते चित्रपटात गेलं. संध्याकाळी मावशीला सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. "तुझं वाक्य आणि माझा आवाज. आणखी काय पाहिजे?"

आवाजाबद्दल त्यांना तिथे सांगितलं नव्हतं असं नाही. एका सहायकानं सांगितलं होतं की पंख्यांच्या घरघरीमुळे आत्ता कच्चा आवाज घेतोय, नंतर स्टुडिओत पक्का करू. काकांना वाटलं, त्यांचाच आवाज धुऊनपुसून पक्का करणार. घरी येऊन म्हणाले, "कच्चा घेतलाय, शिजवून वाढणार आहेत." आम्ही हसलो. मीही त्यातलं काही जाणत नव्हते.

नंतर वाट बघणं सुरू झालं. काका कामावर परतले. गल्लीतल्या दुकानदारापासून दाढी करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. चित्रपट काही येईना आणि मावशीची नळी आणखी बारीक झाली. आता तिला समोरच्या माणसाचं एका वेळी फक्त नाक किंवा फक्त ओठ दिसायचे. काका कासावीस व्हायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठमे, तिचा सगळा उजेड जायच्या आत लागायला पाहिजे गं." हे मावशीच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, "अहो, बघायचं काय आहे त्यात? अस्वलच दिसणार. मला तुम्हाला ऐकायचंय."

चित्रपट लागला तेव्हा आम्ही पहिल्याच दिवशी गेलो. दाढीवाला आणि त्याची बायको, शेजारचे आजोबा, आम्ही तिघं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दिवे गेल्यावर मावशीनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, पडद्यावरच्या उजेडाच्या चकाकीनं त्रास होतो, मी नुसती ऐकते.

अस्वल आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुटूलुटू चालत, मफलर सावरत, पोटावर हात ठेवून ते वेशीवर उभं राहिलं. ते चालणं काकांचं होतं. मग अस्वल बोललं आणि लोक आणखी जोरात ओरडले. कारण तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. एका गाजलेल्या विनोदी नटाचा नाकातला, खेचून बोलणारा आवाज. तो नुसता शिंकला तरी लोक हसतात.

मावशीनं डोळे न उघडता मान माझ्याकडे वळवली. "हा कोण?"

"अस्वल," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना.

"मग यांचं अस्वल कधी येणार? दोन आहेत का?"

मी काकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. हात गुडघ्यांच्या मध्ये घट्ट दाबून धरलेले, जसे ते शीतगृहातून बाहेर आल्यावर धरत. पडद्यावर नायक म्हणाला, मला माझी भेट घ्यायची आहे. अस्वलानं सुळका कानाला लावला. तो नाकातला आवाज म्हणाला, धरून ठेवा, तुम्हाला तुमच्याशी जोडून देतो. मग मावशीनं शिकवलं होतं अगदी तेवढंच थांबला. रिंग जातेय. पण कुणी उचलत नाही.

सगळं थिएटर हसून लोळलं. पाठीमागे कुणीतरी खुर्चीचा हात बडवत होतं. मावशीला तेव्हा कळलं. तिचा हात अंधारात काकांच्या हाताचा शोध घेत खुर्चीच्या दांड्यावरून फिरला. तिथे हात नव्हता.

मध्यंतरात दिवे लागल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही होतात ते?"

"मीच होतो," काका म्हणाले. "आवाज दुसऱ्याचा घातलाय."

"पण मग मी काय ऐकायचं?"

 दाढीवाला रांग ओलांडून आमच्यापर्यंत आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य उच्चारलं. "मी तुम्हाला चालण्यावरून लगेच ओळखलं." तो मनापासून म्हणाला होता. मावशीनं त्याच्या दिशेनं मान हलवली आणि रुमालाची घडी घालत बसली.

आम्ही शेवटपर्यंत थांबलो. शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये अस्वलाच्या पुढे त्या नटाचं नाव आलं. खूप खाली शीतगृहाचे आभार मानले होते.

चित्रपट चालला, खूप चालला. काही दिवसांनी काका मला घेऊन त्या कंपनीच्या कचेरीत गेले. भांडायला नाही. वाटेत ते मला दोनदा म्हणाले, आपण आवाज चढवायचा नाही. तिथे तोच सहायक भेटला. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि ओशाळून सांगितलं की कळवायचं राहूनच गेलं. तुमचा आवाज वाईट होता म्हणून नव्हे. तो नट मिळाला, त्याच्यामुळे लोक येतात, आणि वाक्यांना तुमचा ताल इतका छान होता की त्यानं तुमचं ऐकत ऐकतच म्हटलं.

"म्हणजे ऐकलं त्यानं?" काकांनी विचारलं.

"हो ना. कानाला लावून. एकेक वाक्य."

काका थोडं हसले. मग म्हणाले, "तो कच्चा आवाज मला मिळेल का? बाकी काही नको. घरी ऐकवायचा आहे. बायकोला दिसत नाही."

सहायक उठून आत गेला. बराच वेळ लागला. परत आला तेव्हा तो उभाच राहिला. काम झालं की कच्चं सगळं पुसून टाकतात, म्हणाला. जागा लागते.

जिन्यावरून उतरताना काकांनी कठडा धरला होता. "बरोबरच आहे त्यांचं," ते म्हणाले. "गोदाम म्हटलं की जागा लागणारच." 

त्यानंतर गल्लीतली पोरं त्यांच्या मागे लागली. काकाच अस्वल होते हे त्यांना ठाऊक होतं, कारण काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. "अस्वलासारखं बोला ना." काकांनी एकदा म्हणून दाखवलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "तसं नाही काही. अस्वल असं बोलतं," आणि नाक दाबून तिनं त्यांना त्यांचंच वाक्य शिकवलं. काका शहाण्यासारखे तिच्यामागून म्हणाले. पोरं खूश होऊन पळाली.

ते बोलायचे कमी झाले हे घरात आमच्या लक्षात यायला वेळ लागला. आधी त्यांनी चित्रपटाबद्दल बोलणं सोडलं, मग कामाबद्दल. मग बाजारातून चालताना नुसतं "पायरी" नाहीतर "खड्डा" एवढंच म्हणू लागले. मावशी विचारायची, "समोरून कोण आलं?" ते म्हणायचे, "कुणी नाही." एकदा तर समोरून मीच येत होते.

शीतगृहात मात्र बोलायलाच हवं होतं. एके दिवशी खोकी उतरवताना काका रांगेपलीकडे गेले आणि गप्प झाले. दाढीवाल्यानं हाक मारली, उत्तर आलं नाही. तो घाबरून धावला, दगडासारख्या घट्ट झालेल्या बर्फावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. काका धडधाकट उभे होते. खोक्याला हात लावून नुसते उभे. साहेबांनी विचारलं, ओ का दिली नाही? काका म्हणाले, "द्यायची होती. आवाज आला नाही." साहेब चांगला माणूस होता, त्यानं लेखी काही केलं नाही. काकांना आतल्या कामावरून काढलं आणि फाटकावर बसवलं. ट्रक आला की दांडा वर करायचा, गेला की खाली. तिथे कुणाशी बोलायची गरज नव्हती. दाढीवाल्यानं त्यांना कधी बोल लावला नाही. प्लास्टर घातलेला हात घेऊन तो घरी येऊन बसे. दोघंही गप्प. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मग चित्रपट कंपनीचा फोन आला. मोठमोठ्या दुकानांत मुलांसमोर अस्वल उभं करायचं होतं. पोशाख काकांच्याच मापाचा होता. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते हो म्हणाले. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. आता वाटतं, अस्वलाच्या आत शिरून पुन्हा एकदा बोलायला मिळेल अशी त्यांना आशा असावी.

पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. खेळण्यांच्या मजल्यावर कापसाचा बर्फ केला होता आणि कर्ण्यातून त्या नटाची वाक्यं वाजत होती. काकांना सांगितलेलं होतं की फक्त हात हलवायचे. आत भयंकर उकडत होतं. शीतगृहासाठी शिवलेला तो जाडजूड पोशाख आणि बाहेर दिव्यांची धग. एक लहानगी जवळ आली, तिनं अस्वलाचा पंजा धरला आणि विचारलं, "तुला अजून थंडी वाजते?" कर्णा नेमका तेव्हा गप्प होता. काका खाली वाकले आणि आपल्या आवाजात म्हणाले, "थंडी वाजत नाही गं बाळा. वाजतो तो माणूस."

पोरीनं पंजा सोडला. ती दोन पावलं मागे सरली आणि बापाच्या पायांना बिलगून म्हणाली, "बाबा, हे खोटं अस्वल आहे." बाप हसला. पण जाताना तिथल्या व्यवस्थापकाला सांगून गेला की एवढं सगळं करताय तर आवाज तरी नीट काढणारा माणूस ठेवा.

काकांनी तेही मनावर घेतलं. तो नाकातला आवाज त्यांनी शिकून घेतला. त्यांचा कान चांगला होता. शेवटच्या रविवारपर्यंत कर्णा कुठे थांबला आणि काका कुठे सुरू झाले हे कळत नसे. मुलं त्यांना लोंबकळायची. व्यवस्थापकानं पाठ थोपटली. परतताना बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकवून झोपले. मी पहिल्यांदा त्यांना न घोरता झोपलेलं पाहिलं.

मावशीला हे काही माहीत नव्हतं. ती मात्र इतके दिवस मनाशी काहीतरी ठरवत होती. एका दुपारी आम्ही तिघं घरात होतो. तेव्हा तिचा उजेड जवळजवळ गेलेला होता. खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. ती म्हणाली, "अहो, इकडे बसा. मला ती वाक्यं म्हणून दाखवा. आपण बसवत होतो तशी. चुलीत गेला तो चित्रपट. मी एकटी ऐकणार आहे ना?"

काका समोर बसले. घसा खाकरला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "धरून ठेवा, तुम्हाला तुमच्याशी..." आणि थांबले. आवाज नाकातून आला होता.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, हळू, मोठ्यानं, सगळ्या तऱ्हांनी म्हटलं. प्रत्येक वेळी तोच नट. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. माणूस अंधाऱ्या फडताळात हात घालून वस्तू चाचपतो, आणि ती तिथेच ठेवलेली त्याला पक्की आठवत असते, तसा तो चेहरा होता. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या आयुष्यात तिनं हजारो आवाज ऐकले होते आणि कुणाचा कोणता हे ती पहिल्या शब्दाला सांगत असे.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "दुसराच कुणीतरी घरात शिरल्यासारखं वाटतंय."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. थकून म्हटलं होतं. पण काका उठले, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर गेले. त्यानंतर ते बोलले ते अगदी गरजेपुरतं, आणि कुजबुजत. कुजबुजीला कुणाचा आवाज नसतो.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. घसा साफ होता. दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी तासभर प्रश्न विचारले, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, घरात वातावरण आनंदी ठेवा. गोळ्यांनी काकांना झोप यायची, एवढंच. पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, रेडिओशिवाय आमचं शीतगृह थंड पडलं म्हणाले, आणि लोक हसले. काकांनी हात जोडले.

मावशी आता पूर्ण अंधारात आहे. घरातलं सगळं ती हातानं करते आणि चुकत नाही. बाहेर मात्र जात नाही. काका न्यायला तयार असतात, हात पुढे करून उभे राहतात, पण तो हात तिला दिसत नाही आणि ते काही म्हणत नाहीत. मी असले तर मी तिचा हात त्यांच्या हातात देते. मग ती म्हणते, "नको. रस्ता नुसता गोंगाटाचा झालाय."

मी रोज संध्याकाळी जाते. परवा गेले तेव्हा दार उघडंच होतं. मावशी टेबलाशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या समोरच्या खुर्चीत काका बसले होते, हातभर अंतरावर, आणि तिच्याकडे बघत होते. माझी चाहूल लागल्यावर तिनं मान वर केली.

"ठमे, जरा बघ गं," ती म्हणाली. "ते घरात आहेत का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी खाली बघितलं.

"आहेत," मी म्हटलं.

"बरं," मावशी म्हणाली आणि शर्टाची बाही सारखी करू लागली.